मुलीच्या पोटगीचा आकडा कसा ठरतो? वेगळे राहणाऱ्या आईबाबांनी सांगा (नागपूर)

चिऊचा_बाबा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी आणि बायको आठ महिन्यांपासून वेगळे राहतो. मी प्रतापनगरला, ती माहेरी महालात. सात वर्षांची मुलगी तिच्याकडे आहे. अजून कुणीच कोर्टात गेलेलं नाही. भांडण आमचं आहे, पोरीचं त्यात काही नाही, एवढ्यावर दोघांचंही एकमत आहे.

मिहानमध्ये नोकरी करतो, हातात ६२,००० येतात. घराचा हप्ता १९,००० जातो. बायको एका खाजगी शाळेत शिकवते, तिला १८,००० मिळतात. मुलीची शाळेची फी मी परस्पर भरतो. त्याशिवाय दर महिन्याला काही ना काही पाठवतो, कधी पाच हजार, कधी दहा. मेव्हण्याचं म्हणणं, महिन्याला २५,००० ठरवून द्या. माझा भाऊ म्हणतो, कोर्टाचा आदेश येईपर्यंत एक रुपया देऊ नको, दिलेले पैसे कुणी मोजत नाही.

मला दोन्ही पटत नाही. मुलीला नेमकं किती देणं लागतो, हे कसं ठरवतात? कायदा काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय होतं? ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी कृपया सांगा.

वैनगंगाकाठची
सगळ्यात आधी, भावाचं ऐकू नका. माझ्या नवऱ्याने अगदी हेच केलं होतं. "कोर्ट सांगेल तेव्हा देईन." मुलगा तेव्हा तिसरीत होता. चौदा महिने एक पैसा आला नाही. माझ्या आईने पाटल्या मोडल्या, त्यातून फी भरली. पुढे आदेश झाला तो अर्जाच्या तारखेपासून झाला आणि त्याच्यावर एकदम मोठी थकबाकी चढली. त्याचंही नुकसान, आमचंही. मुलाच्या मनात तेव्हा जे बसलं ते मात्र कुठल्याच आदेशाने निघालं नाही.

ॲड_सिव्हिललाइन्स
वकिली करतो, कौटुंबिक प्रकरणं बघतो. इथे लिहितोय तो सल्ला तुमच्या प्रकरणापुरता धरू नका, ढोबळ समजून घ्या.

पोटगी मागायचे रस्ते बरेच आहेत. फौजदारी प्रक्रियेतलं जुनं कलम १२५ सगळ्यांना तोंडपाठ आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली, त्यात तेच आता कलम १४४ झालंय. हा रस्ता सर्व धर्मांच्या लोकांना खुला आहे आणि आईबापाचं लग्न कायदेशीर होतं की नव्हतं यावर मुलाचा हक्क अवलंबून नसतो. त्याशिवाय हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ आहे, ते घटस्फोटाचा किंवा तसा दावा चालू असताना आणि नंतरही मुलांच्या ताब्यासाठी, पोषणासाठी, शिक्षणासाठी वापरतात. १९५६ च्या दत्तक व पोषण कायद्याचं कलम २० आहे. कौटुंबिक हिंसाचाराचं प्रकरण असेल तर २००५ च्या कायद्याखालीही मागता येते. घटस्फोट व्हायची वाट बघावी लागत नाही.

आकड्याबद्दल. आपल्याकडे अमुक पगाराला अमुक पोटगी असं कोष्टक नाही. मुलाच्या गरजा, दोघांची कमाई, वेगळं होण्याआधीचं राहणीमान, हे न्यायाधीश बघतात. पत्नीसाठी नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालात आला, तेव्हापासून लोक तो सगळीकडे लावत सुटलेत. तो ठरलेला नियम नाही, आणि मुलाचा हिशेब तर त्यातून अजिबात निघत नाही.

गुलमोहर_मोमिनपुरा
सर्व धर्मांना म्हणता म्हणून विचारते. आमच्या मोहल्ल्यात एका बहिणीला सांगितलं गेलं की तलाक झाला, मूल दोन वर्षांचं झालं, आता बापाची जबाबदारी संपली. ती तीन वर्षं शिलाई करून लेकराला वाढवतेय.

ॲड_सिव्हिललाइन्स
चुकीचं सांगितलं त्यांना. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठीच्या १९८६ च्या कायद्यातली दोन वर्षांची गोष्ट आईच्या हक्कापुरती आहे, मुलाचा १२५ खालचा हक्क वेगळा आणि स्वतंत्र आहे. मूल सज्ञान होईपर्यंत मागता येते. त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवा. स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

गुलमोहर_मोमिनपुरा
उद्याच घेऊन जाते तिला. शुक्रिया वकीलसाहेब.

बुटीबोरी_भौ
माह्यं म्हणणं थोडं वेगळं हाय. मी पैसे देऊन राहिलो होतो बराबर. वर्षभर दिले. पण पोराले भेटूच देत नव्हते. दर रविवारी बुटीबोरीहून गाडी मारत यायचो, दारातूनच परत. मंग मी पैसे बंद केले. सांगा, काय चुकलं? बाप फक्त एटीएम हाय काय?

वैनगंगाकाठची
भाऊ, तुम्हाला भेटू दिलं नाही ते वाईटच झालं. पण पैसे बंद झाले तेव्हा त्या घरात दूध कोणाचं कमी झालं? बायकोचं नाही.

बुटीबोरी_भौ
कळते ना ताई. तवा नाही कळलं. डोक्यात आगच होती.

ॲड_सिव्हिललाइन्स
बुटीबोरी भौ, तुमच्यासारखी माणसं आठवड्याला दोन येतात माझ्याकडे. मुलाची भेट आणि मुलाची पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेटू देत नाहीत म्हणून पोटगी अडवता येत नाही. पोटगी येत नाही म्हणून आईलाही भेट अडवता येत नाही. भेटीसाठी वेगळा अर्ज करायचा. न्यायालय वार, वेळ, जागा ठरवून देते, सुट्यांची वाटणी करून देते. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर व्हिडिओ कॉलवरून रोज पाच-दहा मिनिटं बोलण्याचाही विचार व्हावा असं म्हटलंय. तुम्ही पैसे थांबवलेत, मग न्यायाधीशासमोर भेटीचा अर्ज घेऊन उभे राहिलात तर समोरचा वकील पहिलं वाक्य काय बोलेल ते तुम्हीच बघा.

बुटीबोरी_भौ
बोललाच तो. पेशीवर पेशी झाली. आता भेटते पोरगा, महिन्यातून दोनदा. पैसे भी चालू हाय, थकलेले हप्त्याने भरून राहिलो. धागेवाल्या दादाले एवढंच सांगतो, बंद नका करू.

निवृत्त_नाझर
मी न्यायालयीन सेवेतून निवृत्त झालो. पोटगीचे अर्ज, वसुलीचे वॉरंट, सगळं टेबलावरून गेलेलं आहे. मूळ कायद्यात महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ च्या दुरुस्तीने गेली. पाचशे रुपयांसाठी बायका दिवसभर बाकावर बसायच्या, मुलं मांडीवर झोपलेली असायची. ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

नागपूरकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पोटगीबाबत देशभर आज ज्या निकालाचा आधार घेतात, सर्वोच्च न्यायालयाचा ४ नोव्हेंबर २०२० चा, तो आपल्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेला आहे. अर्ज २०१३ चा. ऑगस्ट २०१५ मध्ये इथे अंतरिम आदेश झाला, मुलाला आधी महिना ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. वडील उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, २०१८ मध्ये तिथे हरले, मग दिल्लीला गेले. अंतरिम पोटगीवर सात वर्षं! तेवढ्या काळात मूल बालवाडीतून शाळेत जाते.

त्या निकालाने काय बदललं ते सांगतो. दोन्ही बाजूंनी पगार, बँक खाती, कर्जं, मालमत्ता, दरमहा खर्च असं सगळं उघड करणारं शपथपत्र द्यायचं. त्याचा नमुना निकालाला जोडलेला आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. दोन-तीन कायद्यांखाली अर्ज असतील तर आधीच्या आदेशाची माहिती द्यायची आणि रक्कम समायोजित करून घ्यायची, म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे लागत नाहीत. खोटं शपथपत्र दिलं तर ते अंगाशी येतं.

सक्करदरा_श्वेता
काका, शपथपत्राबद्दल अगदी खरं. माझ्या नवऱ्याने पगार २२,००० दाखवला होता. बँकेचं खातं उघडावं लागलं तेव्हा दर महिन्याला दुसरीकडून येणारे पैसे दिसले. त्याआधी दीड वर्ष मी फक्त "त्यांची कमाई जास्त आहे हो" म्हणत होते आणि कागद एकही नव्हता.

चिऊचा_बाबा
सगळ्यांचे आभार. एक विचारतो. माझा १९,००० चा घराचा हप्ता वजा होतो का? घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे.

ॲड_सिव्हिललाइन्स
आयकर, भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या सक्तीच्या कपाती धरतात. आपण स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते सहसा तसेच्या तसे वजा होत नाहीत, कारण त्यातून तुमची मालमत्ता उभी राहतेय. त्या घरात मुलगी राहत असती तर चित्र वेगळं असतं.

ऑरेंजसिटी_ऑडिटर
मी हिशेबाचा माणूस, तर दादा आपण वहीच उघडू या. पगारापासून सुरुवात करू नका, मुलीपासून करा. तिला महिन्याला काय लागतं?

अंदाजे धरतो, तुम्ही दुरुस्त करा. फी ४,५००, व्हॅन १,५००, खाणं-दूध-फळं ४,०००, क्लास आणि वह्यापुस्तकं १,५००, कपडे-चप्पल १,०००, डॉक्टर-औषध १,०००, आणि ती ज्या घरात राहते तिथल्या वीज-पाणी-भाड्यातला तिचा वाटा २,५००. हा शेवटचा वाटा बाप लोक नेहमी विसरतात. मे महिन्यात कूलर काही मामाच्या एकट्यासाठी चालत नाही. एकूण झाले १६,०००.

तुमची कमाई ६२, तिची १८, मिळून ८०. त्या प्रमाणात वाटलं तर तुमचा भाग १२,४०० आणि आईचा ३,६००. फी तुम्ही परस्पर भरता, ती ४,५०० वजा केली तर हातात द्यायचे ७,९००. हा झाला नुसता मुलीचा हिशेब.

वैनगंगाकाठची
हिशेब छान मांडला, पण त्यात एक रकाना राहिला. ताप आला की रात्रभर जागणारी, शाळेच्या मीटिंगला अर्धी रजा टाकणारी, व्हॅन नाही आली तर धावत जाणारी आई. तिचे ३,६०० कागदावर कमी दिसतात.

ऑरेंजसिटी_ऑडिटर
मान्य. म्हणून आठ हजारांच्या खाली येऊच नका, वरच जा.

ॲड_सिव्हिललाइन्स
प्रमाणात वाटण्याला आधार आहे. आईही कमावती असेल तर खर्चाचा भार दोघांवर, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० च्या एका निकालात मान्य केलं आणि वडिलांचा पगार साधारण दुप्पट म्हणून दोनास एक असा भाग पाडला. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पत्नीची स्वतःची पोटगी हा वेगळा प्रश्न आहे, तिला १८,००० मिळतात एवढ्यावरून तो आपोआप मिटत नाही. मेव्हण्याच्या २५,००० मध्ये बहुधा दोन्ही मिसळलेले आहेत. आणि दुसरं म्हणजे रोख देऊ नका. बँकेतून द्या, दर वेळी "मुलीचा खर्च, अमुक महिना" असं लिहून द्या. दिलेले पैसे कुणी मोजत नाही हे तुमच्या भावाचं म्हणणं रोखीपुरतं खरं आहे, खात्यातून गेलेल्या पैशाला नाही.

एकटा_बाप_मानेवाडा
उलटी बाजू पण लिहितो. माझ्याकडे दोन्ही मुलं आहेत, आई पुण्याला मोठ्या नोकरीत. लोक म्हणतात, बायकोकडून पैसे मागतोस, लाज नाही वाटत? मी त्यांना विचारतो, मुलं फक्त माझी आहेत का? दत्तक व पोषण कायद्यात जबाबदारी आईवरही आहे, हे मला समुपदेशक बाईंनी सांगितलं. आम्ही दोघं त्यांच्यासमोर तीनदा बसलो आणि तिथेच ठरलं. ती दर महिन्याला देते, सुट्यांत मुलांना नेते. मनातला राग पूर्ण गेला नाही. पण मुलांच्या वाढदिवसाला आम्ही एका टेबलावर बसतो.

सक्करदरा_श्वेता
समुपदेशकांबद्दल +१. कौटुंबिक न्यायालयात आधी समेटाचा प्रयत्न होतो त्याला लोक वेळकाढूपणा समजतात. संसार जुळला नाही तरी मुलांपुरतं तिथे जुळू शकतं. आमचं नाही जुळलं, पण कुणी जाणार असेल तर मोकळ्या मनाने जा.

पोहे_तर्री_मार_के
इतका गंभीर धागा वाचून पोहे थंड झाले. माझं लग्न अजून व्हायचंय, पण विचारतो. समजा आईच म्हणाली, मला पोराचं काही नको, फक्त घटस्फोट दे. तर विषय संपतो?

ॲड_सिव्हिललाइन्स
नाही. आई स्वतःचा हक्क सोडू शकते, मुलाचा सोडून देऊ शकत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात "मुलासाठी काहीही मागणार नाही" असं लिहून दिलं तरी मुलाच्या वतीने उद्या अर्ज येऊ शकतो.

तेव्हाची_मुलगी
मी बहुतेक या धाग्यावरची एकटी अशी असेन जिच्यासाठी पोटगी आली होती. आता २७ वर्षांची आहे.

बाबांचे पैसे दर महिन्याला येत. मनीऑर्डर यायची, पोस्टमन काका हाक मारायचे, आणि आई सही माझ्याकडून करून घ्यायची. लहानपणी मला वाटे, बाबा मला पत्र पाठवतात. पावतीखाली मजकुराला थोडी जागा असायची. बाबा तिथे दोन ओळी लिहायचे. "महाराजबागेत नवीन पिल्लू आलंय, उन्हाळ्यात जाऊ." एवढंच.

एकदा चार महिने काहीच आलं नाही. त्यांची नोकरी गेली होती हे मला फार नंतर कळलं. मी मात्र तेव्हा ठरवलं होतं की माझं काहीतरी चुकलंय. पेपरात गणिताला कमी पडले होते ना, म्हणून.

दादा, पैसे कमी पडतील तेव्हा कमी पाठवा, पण का कमी ते तिच्या आईला सांगा, आणि तुमची हाक थांबू देऊ नका.

वैनगंगाकाठची
हे वाचून बराच वेळ बसून राहिले. मुलाला आज रात्री विचारणार आहे, त्या चौदा महिन्यांत त्याला काय वाटत होतं ते. कधी विचारलंच नाही.

बुटीबोरी_भौ
ताई, रडवलं तुम्ही.

निवृत्त_नाझर
या मुलीने नोकरी गेल्याचं लिहिलं म्हणून सांगतो. परिस्थिती बदलली तर आदेशातली रक्कम कमी किंवा जास्त करून मागता येते. जुनं कलम १२७, आता १४६. पण आपणहून कमी भरणं सुरू करायचं नाही, अर्ज करायचा. आणि थकवलं तर काय होतं तेही माहीत असू द्या. वसुलीचं वॉरंट निघतं, पगार-मालमत्ता जप्त होऊ शकते, तरी भरलं नाही तर एका महिन्यापर्यंत कैद. कैद भोगून आलो म्हणजे पैसे फिटले असं नसतं, देणं तसंच उभं राहतं. घेणाऱ्या बाजूनेही झोपून राहू नये. कलम १४४ खाली वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. कितीतरी बायका "देईल, देईल" म्हणत दोन-तीन वर्षं काढून मग यायच्या.

सक्करदरा_श्वेता
आणि पोटगी किती वयापर्यंत? माझी मुलगी पुढच्या वर्षी अठरा पूर्ण करते, तिचे वडील आत्तापासून दिवस मोजताहेत.

ॲड_सिव्हिललाइन्स
कलम १४४ खाली साधारण अठरापर्यंत, अपंगत्वामुळे मूल स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर पुढेही. पण अविवाहित हिंदू मुलीला दत्तक व पोषण कायद्याच्या कलम २० खाली अठरानंतरही मागता येते, तिचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक सांगितलाय. अर्ज तिने स्वतः, स्वतंत्र करायचा. तडजोड लिहिणार असाल तर मुलगा असो की मुलगी, "शिक्षण पूर्ण होईपर्यंत" असं सरळ लिहून घ्या.

सक्करदरा_श्वेता
खूप खूप आभार. गेले सहा महिने ही एकच काळजी होती.

चिऊचा_बाबा
तीन आठवड्यांनी परत येतोय. उशीर झाला, माफ करा.

ऑडिटर दादांची वही कागदावर उतरवून बायकोच्या काकांकडे महालात घेऊन गेलो. मेव्हणाही होता. पहिली वीस मिनिटं नेहमीसारखीच गेली. मग बायकोने कागद हातात घेतला आणि पेनाने दुरुस्त्या करायला लागली. चिऊला धुळीचा त्रास आहे, तिच्या औषधाचे १,००० नाही, १,६०० होतात. मला हे माहीतच नव्हतं. व्हॅन १,५०० नाही, १,८०० झालीय. क्लास तिने बंद केला होता, पैसे पुरत नव्हते म्हणून. हे तिने मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. फी मी परस्पर भरणार. दर महिन्याच्या पाच तारखेला १०,००० तिच्या खात्यात. क्लास पुन्हा सुरू. मोठं आजारपण आलं तर तीन भाग माझे, एक तिचा. रविवारी मुलगी माझ्याकडे, आणि रोज रात्री आठला फोन. बायकोच्या स्वतःच्या पोटगीचं काही ठरलं नाही, आमच्या दोघांचंही काही ठरलेलं नाही. ते पुढे समुपदेशकांसमोर बसून बघू. पण मुलीचं लेखी करून ठेवायचं दोघांनाही मान्य आहे.

तेव्हाची मुलगी, तुमचा प्रतिसाद मी बायकोलाही दाखवला. बाकी काही बोलली नाही, पण फोनची वेळ तिनेच सुचवली.

निवृत्त_नाझर
उत्तम. दरवर्षीच्या वाढीचं काय लिहिलं?

चिऊचा_बाबा
जूनच्या शेवटी शाळा सुरू होताना फी वाढली की तेव्हा बघू, असं बोलणं झालंय.

निवृत्त_नाझर
"बघू" लिहू नका. टक्का लिहा, महिना लिहा. "बघू" वर अडकलेल्या फायली मी अख्खी नोकरी हाताळल्यात.

चिऊचा_बाबा
लिहितो काका. आज रविवार आहे, तिला आणायला निघालोय. संध्याकाळी बायकोशी बोलून टक्का ठरवतो.

बुटीबोरी_भौ
जा दादा. धुळीचं औषध संगं ठेवजा.